नियमांमागील कारण

शाळेचा निरोप घेऊन विद्यार्थी कचेरींत, कारखान्यांत अथवा इस्पितळांत कामास लागला, म्हणजे पहिल्याच दिवशीं त्याची गांठ नियमांशीं पडते. अमक्या कागदावर सही झाल्यावांचून तो पुढें धाडूं नये, तमकी वस्तु हातीं घेतांना तिजवरील अक्षरें वाचून पाहावीं, असे एक ना दोन, अनेक नियम! नवख्या मनुष्यास हीं बंधनें निरर्थक वाटतात. वरिष्ठांस कारण विचारावें, तर "येथील रिवाजच असा आहे" एवढेंच उत्तर पुष्कळदां मिळतें. मग कोणी पाहत असेल तेव्हां तो नियम पाळतो, आणि पाहणारा दूर झाला कीं सोडून देतो. यांतून केवढा अनर्थ ओढवतो, हें आगगाडीच्या इतिहासांतील दोन प्रसंगांवरून आम्ही येथें सांगणार आहों.

ज्या मार्गावर रुळांची एकच जोडी असते, तेथें जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्या तिजवरूनच न्याव्या लागतात. म्हणून दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळीं एकच गाडी असावी, हें तेथील पहिलें पथ्य होय. इंग्लंडांतील नॉरिच शहराजवळच्या अशा एका मार्गावर ही व्यवस्था पूर्वीं तारेच्या निरोपांनीं ठेवीत असत. निरोपाच्या कागदावर अधिकाऱ्याची सही झाल्यावरच तार करावी, असा नियम होता. १८७४ सालीं सप्टेंबरच्या १० व्या तारखेस रात्रीं, समोरच्या स्टेशनावरील मेल गाडी इकडे सोडावी, असा निरोप तेथील अधिकाऱ्यानें एका तरुण तारवाल्यास तोंडीं सांगितला. त्या कागदावर सही झाली नव्हती. तारवाल्यानें सहीची वाट न पाहतां तार करून टाकली. थोड्या वेळानें त्याच अधिकाऱ्यानें नॉरिचहून दुसऱ्या गाडीस जाऊं दिलें. चूक ध्यानांत आली, तेव्हां मेल थांबविण्यासाठीं घाईनें तार केली. परंतु मेल निघून गेली असें उत्तर आलें. दोन गाड्या एकाच रुळांवरून परस्परांकडे धांवत होत्या, आणि त्यांस थांबविण्याचा कोणताही उपाय उरला नव्हता. त्या टकरींत २५ माणसें प्राणांस मुकलीं.

ती एक सही म्हणजे शाईची एक रेघ. पण ती कशासाठीं होती, याचा विचार करावा. सही करण्यापूर्वीं मनुष्य आपलेच शब्द पुन्हा वाचतो, क्षणभर थांबतो, आणि आपण काय करीत आहों हें त्याच्या मनावर ठसतें. तो क्षण वांचविण्याच्या नादांत पंचवीस जीव गेले. तारवाल्यास "सही घ्यावी" एवढें ठाऊक होतें; "कां घ्यावी" हें जर त्याच्या मनांत पक्कें भिनलें असतें, तर तो खचित थांबला असता.

या अपघातानंतर एडवर्ड टायर नांवाच्या गृहस्थानें एक युक्ति काढली, व पुढें ती प्रचारांत आली. लगतच्या दोन स्टेशनांवर तारेनें जोडलेलीं दोन यंत्रें ठेवावयाचीं. एका यंत्रांतून धातूची तबकडी काढली, कीं ती कोणत्या तरी एका यंत्रांत परत जाईपर्यंत दोहोंतूनही दुसरी तबकडी निघत नाहीं. तबकडी हातीं आल्याशिवाय ड्रायव्हरनें गाडी हांकावयाची नाहीं. आमच्या देशांतही एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचा "गोळा" वापरीत असत. मोठ्या कड्याला अडकविलेल्या पिशवींतील तो गोळा चालत्या गाडींतून झेलतांना आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांनीं पाहिला असेल. आतां पुष्कळ ठिकाणीं त्याची जागा नव्या विद्युत्-यंत्रांनीं घेतली आहे.

यंत्र आलें, आतां भय कसलें, असें कोणास वाटेल. परंतु १९२१ सालीं जानेवारीच्या २६ व्या तारखेस वेल्स प्रांतांतील अबरम्यूल स्टेशनावर काय घडलें तें ऐकावें. एक गाडी स्टेशनांत येऊन उभी राहिली. एका मुलानें ड्रायव्हरकडून मागील टप्प्याची तबकडी घेतली. ती यंत्रांत परत ठेवावयाची होती. परंतु वाटेंत बदलीवर आलेले स्टेशनमास्तर भेटले, त्यांच्या हातीं ती देऊन मुलगा तिकिटें गोळा करावयास गेला. स्टेशनमास्तरांस वाटलें, ही पुढील टप्प्याचीच तबकडी. त्यांनीं ती न पाहतां ड्रायव्हरास दिली. ड्रायव्हरनेंही ती वाचली नाहीं. टप्प्याचें नांव तबकडीवर स्पष्ट कोरलेलें होतें! खरी तबकडी घेऊन समोरून जलद गाडी येतच होती. १७ माणसें मरण पावलीं. यंत्रानें आपलें काम चोख केलें होतें; चुकलीं तीं माणसें. दुसऱ्यानें पाहिलेंच असेल, असें प्रत्येकानें मानलें. हात नियमाप्रमाणें चालत होते, पण त्याचें कारण मनांतून निघून गेलें होतें.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, नियम म्हणजे मागील पिढीनें सोसलेल्या दुःखाची आठवण होय. पुष्कळ नियमांच्या मागें कोणाची तरी रिकामी झालेली जागा असते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, नियमाचें कारण विचारण्यास लाजूं नका. नम्रपणें विचारलेला "कां" हा उद्धटपणा नव्हे. तें बुद्धीचें कर्तव्य आहे. मात्र उत्तर मिळेपर्यंत नियम मोडूं नका. एखाद्या नियमाचें कारण आज उरलें नाहीं असें दिसलें, तर तें अधिकाऱ्यांस उघड सांगा. चोरून वाट सोडूं नका.

आणि पालकांसही आमची विनंति आहे. घरीं मुलानें "असें कां?" म्हणून विचारलें, तर "मी सांगतों म्हणून" एवढ्यावर त्याची बोळवण करूं नये. ज्याला लहानपणीं कारण समजलें, तो मोठेपणीं पाहणारा कोणी नसतांही आपलें काम नीट करील. त्याच्या हातीं कोणाचे प्राण सोंपविलेले असतील, हें आज आपणांस कोठें ठाऊक आहे?