मोगऱ्याची छाटणी

शाळेच्या कुंपणालगतचा मोगरा गेल्या उन्हाळ्यात पानांनी भरला, पण फुले मोजकीच आली. चूक आमचीच. हिरव्यागार फांद्या कापायला मन धजेना, म्हणून आम्ही छाटणी टाळली. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच राहिल्या की झाड नुसते माजते.

यंदा नोव्हेंबरअखेर असे करू :

१. छाटणीआधी काही दिवस पाणी तोडावे.
२. वाळक्या, रोगट फांद्या बुडापासून काढाव्यात.
३. उरलेल्या फांद्या जमिनीपासून सुमारे ४५ सें.मी.वर धारदार कात्रीने कापाव्यात.
४. आळे करून शेणखत घालावे, मग पाणी द्यावे.

कात्री पालकांनी धरावी, फांद्या मुलांनी उचलाव्यात. चैत्रात कळ्या मिळून मोजू.