कायाक टपावर, गाडी कोकणात

कायाकचं वजन ही या सगळ्या प्रकरणातली किरकोळ बाब आहे. एका माणसाची प्लॅस्टिकची साधी कायाक २५ ते ३० किलोची असते, म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरएवढी. तेवढं ओझं बहुतेक गाड्यांचा टप पेलतो. खरा त्रास वाऱ्याचा. तीन मीटर लांबीची पोकळ होडी भरधाव गाडीच्या डोक्यावर असली की समोरची हवा तिला मागे रेटते, पुढचं टोक वर उचलते आणि शेजारून ट्रक गेला की तिला आडवा धक्का देते. हवेचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ९० किलोमीटरवर गेलात तर वेग दीडपट होतो, पण जोर सव्वादोनपट. तेव्हा कायाक बांधायची ती घसरू नये म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त ती उडू नये म्हणून. हे डोक्यात असलं की पुढच्या प्रत्येक पट्ट्याचं आणि गाठीचं कारण आपोआप कळतं.

उदाहरणाला पुण्याहून देवबागचा रस्ता घेऊ. कोल्हापूरपर्यंत महामार्ग, मग राधानगरी, दाजीपूरचं जंगल, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण आणि तारकर्लीच्या पुढे देवबाग, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. मोकळा महामार्ग, रस्त्यावर झुकलेली झाडं, घाटाचा उतार, गावातले गतिरोधक अशा टपावरच्या ओझ्याच्या सगळ्या परीक्षा या एका रस्त्यावर होतात.

साहित्य फारसं नाही. टपाला बसणारे दोन क्रॉसबार. त्यांच्यावर घालायला जाड फोम किंवा कायाकसाठी मिळणारे पाळणे. २५ मिलिमीटर रुंदीचे, चार मीटरच्या आसपास लांबीचे, कॅम बकलचे दोन पट्टे. पुढच्या-मागच्या टोकांसाठी पॉलिस्टरच्या दोन दोऱ्या. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, म्हणून ती नको. एक जुना टॉवेल आणि मोजपट्टी. बाइकवर सामान बांधायचे हुकवाले इलास्टिकचे दोर घरीच ठेवा. जे ताणतं ते वाऱ्यापुढे बांधून ठेवत नाही.

रॅचेटचा पट्टाही नको, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे. दुकानदार तो ‘जास्त मजबूत’ म्हणून देईल, आणि मजबूत तो आहेच. पण त्याची मूठ चार-पाचदा वरखाली केली की किती जोर लागला हे हाताला कळत नाही. फायबरची कायाक त्याने तडकते, प्लॅस्टिकची दबते. कॅम बकलमध्ये आपल्या हाताने ओढू तेवढाच ताण येतो, आणि कायाकला तेवढा पुरतो.

आता पहिली पायरी, जी बहुतेक लोक गाळतात. गाडीचं मॅन्युअल काढा आणि टपावर किती किलो चालतं ते पाहा. छोट्या आणि मध्यम गाड्यांसाठी हा आकडा बहुधा ५० ते ७५ किलोच्या दरम्यान असतो, आणि त्यात रॅकचं वजनही धरायचं असतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या टपावरच्या चंदेरी रेल निव्वळ शोभेच्या असतात. दिसायला दणकट, पण ओझ्यासाठी बनवलेल्याच नाहीत. तुमची रेल कोणत्या जातीची आहे ते मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कळेल. शोभेची असेल तर तिला क्रॉसबार लावूच नका. दाराच्या चौकटीला पकडणारे रॅक मिळतात, तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला घ्या. प्रवासात कायाक पट्ट्यांतून निसटण्यापेक्षा अख्खा रॅक कायाकसकट उखडणं जास्त वाईट, कारण तेव्हा मागून येणाऱ्याच्या काचेवर होडीबरोबर लोखंडही जातं.

क्रॉसबार एकमेकांपासून जमेल तेवढे लांब लावा. दोघांत ७० सेंटिमीटरहून कमी अंतर असेल तर लांब कायाक त्यांच्यावर डुलते. बसवून झाले की प्रत्येक बार दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. गाडी हलली तर ठीक. नुसता बार हलला तर बोल्ट पुन्हा आवळा.

कायाक चढवण्यापूर्वी ती रिकामी करा, आणि रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. प्लॅस्टिकच्या कायाकच्या पोटात पाणी झिरपून राहतं. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो जादा वजन, तेही वळणावर इकडून तिकडे धावणारं. मागच्या टोकाजवळचा ड्रेन प्लग काढा, त्या बाजूने तिरकी धरून पाणी जाऊ द्या, प्लग परत घट्ट बसवा. सीट, वल्हं, पाण्याची बाटली, मासेमारीच्या काठीचा होल्डर, जे काही सुटं आहे ते गाडीच्या आत. क्लिपवर बसणारी सीट महामार्गावर सगळ्यात आधी उडते.

दोघं असाल तर एकेका टोकाला उभं राहून, गुडघ्यात वाकून उचला. एकटे असाल तर गाडीच्या मागच्या कडेवर टॉवेल अंथरा, पुढचं टोक मागच्या बारवर टेकवा आणि मग मागून उचलत पुढे सरकवा. अशाने एका वेळी साधारण अर्धंच वजन हातावर येतं. शार्कच्या परासारखी अँटेना टपावर असेल तर आधी तिच्याकडे लक्ष. कायाक कशी ठेवायची यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. माझ्यापुरता नियम असा: सपाट बार असतील तर प्लॅस्टिकची सिट-ऑन-टॉप (जिच्या आत नाही तर वर बसतात ती) पालथी, पाळणे असतील तर कुशीवर. पालथी ठेवली की वजन कडांवर येतं, आणि कडा हा कायाकचा सगळ्यात ताठ भाग. सरळ ठेवली तर तळ बारवर दबतो आणि उन्हात मऊ होऊन तसाच खळगा धरतो. फायबरची असेल तर पाळण्यांशिवाय नेऊच नका.

ती मधोमध आहे ना, गाडीच्या रेषेत सरळ आहे ना, हे पुढून उभं राहून बघा. मग पट्टे. पट्ट्याचं मधलं अंग कायाकच्या पाठीवरून टाका, दोन्ही बाजूंनी खाली आणून बारखालून घ्या. बारच्या पायाच्या आतल्या बाजूने जाईल असं पाहा. बाहेरून गेला तर तो बारवरून सरकून टोकाशी निघून येऊ शकतो. एक टोक वर आणून बकलमधून ओवा आणि ओढा. बकलखाली फोमचा तुकडा ठेवला तर कायाकला चरा पडत नाही. पट्टा टपावर सपाट पसरला असेल तर तो हवेत घरघरतो, इतका की गाडीचं काहीतरी बिघडलं असं वाटतं. त्याला एक पीळ द्या, आवाज बंद. उरलेलं शेपूट बारला गुंडाळून गाठ मारा. दारात दाबून ठेवायची सवय पुष्कळांना असते. पाऊस लागला की त्याच पट्ट्यावरून पाणी थेंबथेंब सीटवर येतं. आणि पट्टे कायाकच्या दांड्यांतून किंवा तळातल्या भोकांतून ओवू नका. दांड्या माणसाने हातात धरायला केलेल्या असतात.

ताण किती? पट्टा बोटाने उचलता येऊ नये, पण कायाकची बाजू आत दबलेली दिसता कामा नये.

आता पुढच्या-मागच्या दोऱ्या. इथे कंटाळा करणारे पुष्कळ. छोटी कायाक आहे, दोन पट्टे पुरेत, असं म्हणतात. शहरातून खडकवासल्यापर्यंत कदाचित पुरतील. फोंडा घाट उतरताना ब्रेकवर ब्रेक लागतात आणि प्रत्येक ब्रेकला कायाक पुढे सरकू पाहते, तिथे पुरत नाहीत. चार मीटरच्या आतल्या गाडीवर तीन मीटरची कायाक असेल तर तिचं मागचं टोक गाडीच्या मागच्या कडेच्या अलीकडेच संपतं; तिथून बंपरकडे गेलेली दोरी मागे कलते आणि कायाकला पुढे जाऊ देत नाही. पुढची दोरी उलट दिशेने तेच करते. शिवाय एखादा पट्टा सुटलाच तरी होडी गाडीवर राहते.

दोरी प्लॅस्टिकच्या बंपरला बांधायची नाही. स्टेपनी आणि जॅकबरोबर एक लोखंडी कडी मिळते, जी बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवून बसवतात. गाडी ओढायची ती कडी इथे कामी येते. मागे तशी सोय नसेल तर गाडीखालची ओढण्याची कडी शोधा. दोरी आवळायला ट्रकवाल्यांची पद्धत उत्तम: दोरीत मध्येच एक फासा घ्या, सैल टोक कडीतून आणून त्या फाशातून ओवा, खाली ओढा आणि दोन गाठी मारा. मात्र कचकचून आवळू नका. दोरीने टोकं खाली ओढली तर कायाक मध्ये वाकते. आणि उरलेली दोरी इतकी आखूड ठेवा की सुटली तरी पुढच्या चाकापर्यंत पोचणार नाही. चाकात गेलेली दोरी कायाकला बॉनेटवर खेचून आणते.

शेवटी कायाकचं टोक धरून वर-खाली आणि आडवं हलवा. कायाक आणि गाडी एकत्र हलायला हवीत.

निघण्यापूर्वी जमिनीपासून सगळ्यात उंच टोकापर्यंत उंची मोजा, आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. दीड मीटरची गाडी कुशीवर ठेवलेल्या कायाकमुळे सव्वादोन मीटरच्या घरात जाते, आणि सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग, रेल्वे पुलाखालचा लोखंडी आडवा, हॉटेलच्या पोर्चचं छत हे सगळे धोके तिथूनच सुरू होतात. गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर मंडपाचे बांबू आणि आडव्या पताका असतात. दाजीपूरकडे झाडांच्या फांद्या खाली येतात. डिकी उघडतानाही कायाक विसरू नका. मागच्या काचेची किंमत कायाकच्या भाड्याहून जास्त असते.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीपेक्षा बाहेर आलेल्या मालासाठी २० हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. गाडीच्या लांबीत मावणारी कायाक निवडणं हा त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय. पाच मीटरची समुद्री कायाक छोट्या हॅचबॅकवर नेण्याचा हट्ट असेल तर आधी आरटीओत विचारा. नुसतं लाल फडकं लावून तो प्रश्न सुटत नाही.

चालवताना ताशी ८० च्या आत राहा. पहिले दहा-पंधरा किलोमीटर झाले की थांबा आणि पट्टे तपासा, कारण फोम दबतो आणि पट्टा सैल पडतो. त्यानंतर चहाच्या प्रत्येक थांब्यावर एकदा हात लावून बघा. ट्रक ओव्हरटेक करताना त्याच्या पुढे निघालात की वाऱ्याचा अचानक धक्का बसतो, स्टिअरिंग दोन्ही हातांत असू द्या. पुढची दोरी नजरेसमोर असते. ती थरथरायला लागली की काहीतरी सुटलंय असं समजा आणि बाजूला घ्या.

भर दुपारी गाडी तास-दोन तास उन्हात उभी करणार असाल तर पट्टे किंचित सैल करा. तापलेलं प्लॅस्टिक दाबाखाली आकार बदलतं. मात्र सैल केलंत तर स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा.

देवबागला पोचल्यावर गाडी सपाट जागी लावा. आधी दोऱ्या सोडा, मग एक पट्टा, आणि दुसरा सोडताना कुणीतरी कायाक धरून उभं हवं. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात सुटी कायाक टपावरून आपोआप खाली येते. पट्टे वाळूत टाकू नका, बकलच्या दातांत कण अडकले की पकड जाते. परत निघताना सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधा, ‘येताना व्यवस्थित आली होती’ या भरवशावर एकही तपासणी गाळू नका. घरी आल्यावर पट्टे आणि बकल गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, कारण खारं पाणी स्प्रिंग गंजवतं आणि ऊन धागा कुजवतं. ज्या पट्ट्याची कड विस्कटली आहे किंवा रंग उडून जो खरखरीत झाला आहे, तो दुसऱ्या कामासाठीही ठेवू नका. कापून टाका, म्हणजे पुढच्या वेळी घाईत कुणाच्या हाती लागणार नाही.