अनुदान मागण्यापूर्वी पाणलोटाची परीक्षा

गावची उजाड टेकडी पुन्हा हिरवी व्हावी, यास्तव एखाद्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे अनुदान मागावे, असे पुष्कळ गावांच्या मनात येते. परंतु आपली योजना त्या अनुदानास योग्य आहे किंवा कसे, याची परीक्षा दात्याच्या आधी आपणच करावी.

आपल्या जिल्ह्यात याचा चांगला दाखला आहे. फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने जर्मन सरकारच्या साह्याचा पाणलोट कार्यक्रम नाबार्डमार्फत चालला, आणि गावांच्या मदतीस १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली. त्या कार्यक्रमाची रीत अशी की, गावाने आधी श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवावे; मोठी रक्कम त्यानंतर. कारण उघड आहे. पैशाने चर खणता येतो, गुरे आवरता येत नाहीत.

परीक्षा पहिली, जमिनीची. पाणी गावची शीव ओळखत नाही. माथा वनखात्याचा किंवा शेजारच्या गावचा असल्यास त्यांची संमती प्रथम घ्यावी. प्रत्येक गटाचा सात-बारा ‘इतर अधिकारा’सह वाचावा. मी कारकुनीत असता एका गावास चरांसाठी रक्कम मिळाली, पण मधल्या गटावर सहहिस्सेदारांचा वाद असल्याने ती परत गेली. उतारे मीच लिहून दिले होते; ती नोंद कोणी वाचली नाही, मीही दाखविली नाही. ती चूक मला अजून सलते.

दुसरी, हिशेबाची. एका हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडल्यास २५० घनमीटर पाणी होते. त्याचा तिसरा हिस्सा वाहतो असे धरल्यास ते सुमारे ८३ घनमीटर. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चर घेतल्यास ते अडविण्यास हेक्टरी सुमारे ४६० मीटर लांबी लागेल. योजनेत निम्मीच लांबी असेल, तर उरलेले पाणी खालची ताल फोडील.

तिसरी, माणसांची. पाणी वाढते ते आपणा विहीरवाल्यांचे. कुरण बंद होते ते शेळ्या-मेंढ्यावाल्यांचे. त्यांना चारा कापून नेण्याचा हक्क ठरावात लिहिला नसेल, तर ती बंदी टिकणार नाही व टिकूही नये.

चौथी, दात्याच्या हेतूची. पानी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धा भरविली. तीत गावकऱ्यांस प्रशिक्षण व विजेत्यांस बक्षिसे होती. अशा ठिकाणी खोदाईचा खर्च मागणे व्यर्थ. सबब नियम आधी वाचावे.

पाचवी, पुढील काळाची. हिवरेबाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पिके ठरविली व शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. अडविलेले पाणी उसात घालवावयाचे असेल, तर दुसऱ्याचा पैसा कशास मागावा?

यांपैकी एकाही परीक्षेत गाव उणे पडल्यास यंदा अर्ज करू नये. कुदळ-फावडे घेऊन उणीव भरून काढावी. अर्ज पुढील वर्षीही करता येतो.