भूगर्भातील वायू आणि लोकांची भाषा : 'साठवण' या शब्दाविषयी

कोळशाच्या भट्ट्या, सिमेंटचे कारखाने यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड धरून भूपृष्ठाखाली खोल नेऊन ठेवावा, या योजनेकडे स्थानिक लोक कसे पाहतात, हा प्रश्न वरकरणी समाजशास्त्राचा आहे. परंतु जी वस्तू डोळ्यांस दिसत नाही, तिच्याविषयीचे मत माणूस बहुधा तिच्या नावावरूनच बनवितो. म्हणून या प्रश्नाचा एक भाग भाषाभ्यासकाच्या वाट्यास येतो.

जर्मनीत हे स्पष्ट दिसले. तेथील 2012 च्या कायद्याने 'श्पायखर', म्हणजे कोठार, या अर्थाचा शब्द स्वीकारला; विरोधकांनी मात्र अणुकचऱ्याच्या अंतिम जागेसाठी रूढ असलेला 'एंडलागर' हा शब्द उचलला. वस्तू एकच, पण एका नावात पुढे उपयोगी पडणारा साठा आहे आणि दुसऱ्यात कायमची टाकून दिलेली घाण. नेदरलँडमध्ये बारेंड्रेख्त या गावाखालील रिकाम्या वायुक्षेत्रांत साठवण करण्याची शेल कंपनीची योजना स्थानिक विरोधानंतर शासनाने 2010 मध्ये रद्द केली.

आपल्याकडे नावाचा विचार अजून झालेला नाही. नीती आयोगाचा यासंबंधीचा 2022 चा अहवाल इंग्रजीत आहे. हिंदीत 'भंडारण' हा शब्द चालतो. काशीत दूधविनायकासारख्या वस्तीतील मराठी माणसाच्या कानी हिंदी आणि मराठी दोन्ही पडतात, त्यामुळे त्यास या शब्दांतील अंतर चटकन जाणवावे. 'भंडारण' म्हटले की केंद्रीय भंडारण निगम आठवते. मराठीत त्याच कामास 'वखार' म्हणतात. दोहोंत ठेवलेली वस्तू परत काढावयाची असते. येथे तर ती कधीही बाहेर येऊ नये, हीच अपेक्षा आहे. 'साठवण' हा शब्दही या दृष्टीने फसवाच म्हणावा लागेल.

मराठी शेतकऱ्याच्या अनुभवात मात्र जमिनीखालच्या साठ्यास एक जुने नाव आहे : पेव. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद पेवांत ठेवीत. 2005 च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, हे जाणत्यांना ठाऊक असे. साठलेल्या मालाच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपतो आणि हवेहून जड असा कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो. म्हणजे ज्या वायूविषयी तज्ज्ञांनी गावास नव्याने सांगावे असे मानले जाते, त्याच्याशी गावाची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि ती भीतीची आहे. अशा भीतीस अज्ञान म्हणणे हे, माझ्या मते, आळसाचे लक्षण आहे.

दुसरा शब्द 'जिरवणे'. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा महाराष्ट्रात खेडोपाडी पोहोचली आहे. आइसलँडमध्ये 2012 मध्ये पाण्यात विरघळविलेला हा वायू बसाल्ट खडकात सोडण्यात आला आणि त्यातील 95 टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. येथे वायू साठत नाही, खडकात जिरतो, त्याचा दगड होतो. दख्खनचा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश याच जातीच्या खडकाचा असल्याने 'जिरवणे' हा शब्द शास्त्रदृष्ट्याही अधिक नेमका ठरेल. अर्थात मराठीत माणसाचीही 'जिरवतात', हे शब्द सुचविणाऱ्याने विसरू नये.

मोठा साठवण-प्रकल्प महाराष्ट्रात अद्याप उभा राहिलेला नाही. तरीही लोकमत कोरे नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेस 6.3 प्रतीचा भूकंप झाला, सुमारे 180 माणसे गेली, आणि तो जलाशयातील पाण्यामुळे उद्दीपित झाला असे भूशास्त्रज्ञ मानतात. पाटण तालुक्यातील मनुष्यास 'खडकात दाबाने द्रव सोडू, काही होणार नाही' असे सांगितले, तर तो प्रथम कोयनाच आठवील. अथांग जलाशय आणि एक विंधनविहीर यांची बरोबरी होत नाही, हे खरे. परंतु वर सांगितलेल्या आइसलँडमधील प्रयोगाच्या वीजकेंद्राचेच पाणी 2011 मध्ये जमिनीत परत सोडताना आसपास जाणवणारे धक्के बसले होते, हेही तितकेच खरे. 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू होताच ग्रामस्थ आडवे आले. ती तर नुसती चाचणी होती. पण चाचणी म्हणजे निर्णयाचे पहिले पाऊल, असा त्यांचा अर्थ होता. तो चुकीचा म्हणता येत नाही.

पेवास धनी असे. माल बिघडला, भिंत खचली, तर कोणाकडे जावयाचे हे गावास माहीत असे. युरोपीय संघाच्या 2009 च्या निर्देशात, साठवणस्थळ बंद झाल्यावर साधारणतः किमान 20 वर्षांनी, वायू कायमचा बंदिस्त असल्याची खात्री पटल्यास, जबाबदारी चालकाकडून शासनाकडे जाते. ग्रामसभेत 'कार्बन' हा शब्द उच्चारला गेला की त्यापाठोपाठ हाच प्रश्न येईल : एकविसाव्या वर्षी धनी कोण?