गुरुग्रामच्या भाच्यास, पिस्तुलाविषयी

खडकी, पुणे

चि. भाचेबुवा यांस,


फोटो मिळाला. पिस्तूल म्हणावं तर अंगानं फार मोठं, कार्बाइन म्हणावी तर मागे बट नाही. खाली तुझा एका ओळीचा प्रश्न: ‘मामा, परवाना मिळाला की असंच घेतो, कसं आहे?’ टेक्ससला मित्राकडे ते चालवून आल्यापासून तुझं मन त्यावर बसलेलं दिसतंय. माझी नोकरी फौजेच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं उघडण्यात आणि जोडण्यात गेली, म्हणून तू मला विचारलंस. तर आवडनिवड बाजूला ठेवून सांगतो.

हे पिस्तूल तुला मिळणारच नाही. ते ९ मि.मी.चं आहे. आपल्या सैन्याची ९ मि.मी. गोळी ज्यात बसते आणि सुटते, ते पिस्तूल किंवा कार्बाइन आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्याचा परवाना गुरुग्रामचे पोलीस आयुक्त देत नाहीत, तो अधिकार केंद्र सरकारचा. शिवाय परदेशी हत्यार स्वतःसाठी मागवण्याची वाट ऐंशीच्या दशकातच बंद झाली. आता नामांकित नेमबाजांना काय ती सवलत आहे.

पण मिळत असतं तरी मी नको म्हणालो असतो. अमेरिकेत १९३४ चा एक कायदा आहे. खांद्याला बट लावायची रायफल असेल आणि नळी सोळा इंचांहून आखूड असेल, तर तिची सरकारदरबारी वेगळी नोंदणी करावी लागते. पण मुळातच बट न लावता बनवलं की तसंच हत्यार कागदावर पिस्तूल ठरतं. म्हणजे हा आकार कायद्याच्या फटीतून जन्मला आहे, हाताच्या गरजेतून नव्हे. आमच्या वर्कशॉपला ९ मि.मी.ची कार्बाइन येई. तिची बट उघडून खांद्याला लावली की नेम बसे, बट मिटून चालवली की नळी नुसती भटकायची. तुझ्या फोटोतल्या हत्याराला तर खांदाच नाही. दोन किलोंच्या पुढचं वजन हात लांब करून पेलायचं, आणि तेही सगळं पुढच्या बाजूला. ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तुलाला वजनाची मर्यादा आहे १४०० ग्रॅम, नळीची १५३ मि.मी., आणि अख्खं पिस्तूल ३०० × १५० × ५० मि.मी.च्या पेटीत बसावं लागतं. ज्यांचं आयुष्य नेम धरण्यात गेलं त्यांच्यासाठी हे माप ठरलेलं आहे. त्यावरून तुझ्या मनगटाचा विचार कर.

मग उरतं ०.३२ बोअरचं. सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल, नाहीतर कुणाच्या आजोबांनी घेतलेलं आणि आता विकायला काढलेलं जुनं परदेशी. (रिव्हॉल्व्हर चालणार असेल तर कानपूरचं ‘प्रबल’ २०२३ पासून आहे, ६७५ ग्रॅमचं. पण तुला पिस्तूलच हवंय, हे मला ठाऊक आहे.) जुन्या परदेशी पिस्तुलाची किंमत लाखांत सांगतील. ती दुर्मिळतेची किंमत आहे, गुणाची नव्हे. नावावर भाळू नकोस.

दुकानात गेलास की आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाईड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यानं पाहायचं आणि बोटानंही चाचपायचं. दुकानदार ‘खाली है जी’ म्हणाला तरीही. यात लाजायचं नाही. तुझ्या या सवयीवरूनच तो तुझी पारख करील.

०.३२ ची बहुतेक पिस्तुलं साध्या बनावटीची. गोळी सुटताना नळी कुलूपबंद नसते, स्लाईडचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावर सगळा धक्का थोपवायचा. त्यामुळे स्प्रिंग कडक असते. स्लाईड घामेजल्या हातानंही पुरती मागे येते का, ते पाहा. जुन्या पिस्तुलात हीच स्प्रिंग दमलेली असली तर स्लाईड प्रत्येक वेळी फ्रेमवर आदळत राहिलेली असते. फ्रेमच्या कोपऱ्यांत केसाएवढी चीर दिसते का, ते भिंगानं बघायचं. नळीत मागून उजेड टाक. खड्डे दिसले तर भाव पाड. पण आतल्या उजेडात गोल कडं दिसलं तर हत्यार खाली ठेव आणि चहा पिऊन बाहेर पड. म्हणजे कधीतरी अडकलेल्या गोळीमागून दुसरी सुटली आहे, आणि नळी आतून फुगली आहे.

आता चाप. रिकाम्या पिस्तुलात नकली काडतूस घालून चाप ओढायची परवानगी माग. चाप ओढून तसाच धरून ठेव, दुसऱ्या हातानं स्लाईड मागे ओढून सोड, मग चाप हळूच सैल कर. एक स्पष्ट ‘टक्’ ऐकू यायला हवं आणि घोडा मागेच अडकलेला राहायला हवा. स्लाईडबरोबर घोडाही पुढे आला तर घोडा अडवून धरणारी आतली यंत्रणा झिजली आहे. असं पिस्तूल एका चापात दोन-तीन गोळ्या सोडू शकतं, आणि चाप दाबून ठेवला असताना गोळ्या सुटत राहिल्या तर कायद्याच्या नजरेत ते स्वयंचलित, म्हणजे प्रतिबंधित हत्यार ठरू शकतं. मोडकं पिस्तूल घेऊन तुरुंगाची वाट धरायची नाही. सेफ्टी लावून चाप जोरात दाबून सोड, मग सेफ्टी काढ: नुसती काढल्यानं घोडा पडता कामा नये.

मॅगझिन दोन माग. पिस्तुलाची निम्मी दुखणी मॅगझिनच्या ओठांत असतात. ०.३२ च्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते, हे ध्यानात ठेव. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी पिस्तूल ठप्प होतं. रिव्हॉल्व्हरचं ०.३२ निराळं, लांबुडकं. नाव सारखं असलं तरी ते यात घालायचं नाही. गोळ्या मात्र आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मिळतील, बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असतो. १८६९ चा कारखाना आहे, आमच्या भागाला त्याचा अभिमान आहे.

हे सगळं बसून करायचं काम. त्यात घाई करणारा दुकानदार सोड.

आता तुमच्या एनसीआरचा खरा पेच. तू राहतोस गुरुग्रामात, कचेरी नोएडात, मधे दिल्ली. म्हणजे रोज हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश. परवान्यावर जे क्षेत्र लिहिलेलं असेल तेवढ्यातच तो चालतो, आणि अखिल भारतीय वैधता सरसकट मिळत नाही. हरियाणापुरता परवाना असेल तर दिल्लीच्या नाक्यावर गाडीत पिस्तूल सापडणं हा गुन्हा. मेट्रोत तर नेताच येत नाही. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस निघतं आणि शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा दाखल होतो. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे दिसल्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं असे कितीतरी गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर विमान गेलेलं असतं आणि वकिलाचं बिल आलेलं असतं. काडतुसं नेहमी एकाच डबीत, मोजून. लॅपटॉपच्या बॅगेत कधीच नाही.

तिकडच्या लग्नांत हवेत गोळ्या झाडतात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे, किंवा दोन्ही. वरातीत कुणी ‘एक हवेत होऊन जाऊ दे’ म्हणालं तर पिस्तूल घरी आहे म्हणायचं. आणि ते खरोखरच घरी असू दे. निवडणूक लागली की ते जमा करायचा हुकूम येतो, मग हेलपाटे. घरी धाकटी आहे, कामाला बाई येते, वरच्या कपाटाची किल्ली कुठे असते हे सगळ्यांना माहीत असतं. भिंतीत बोल्ट मारलेली लोखंडी पेटी पिस्तुलाआधी यायला हवी. तिचा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच धर.

एवढं वाचून तू म्हणशील, मामा नकोच म्हणतोय. थोडं तसंच आहे. दिवसभर ते पेटीतच राहणार, आणि काडतुसांचा वार्षिक कोटा परवान्यावर लिहिलेला. त्या कोट्यात सराव कुठून व्हायचा? सराव नसलेल्या हाती रात्रीच्या अंधारात पिस्तूल म्हणजे घरच्याच माणसांना धोका. आधी तुघलकाबादला कर्णीसिंग रेंजवर जा, १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेली आहे. एखाद्या क्लबात नाव घाल आणि ०.२२ वर हात बसव. राही सरनोबत आपल्या कोल्हापूरची, २०१८ च्या एशियाडमध्ये तिनं २५ मीटर पिस्तुलात सोनं घेतलं ते ०.२२ वरच. आणि जगातलं उत्तम हत्यारही दगा देतं, हेही विसरू नकोस. तुमच्या शेजारच्या झज्जरची मनू भाकर टोकियोत पात्रता फेरीत असताना तिचं एअर पिस्तूल मध्येच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तिच्याजवळ निदान प्रशिक्षक होते. तुझ्याजवळ रात्री दोन वाजता कोण असणार?

रेंजवर काही महिने जाऊनही मन तेच म्हणत असेल, तर वर लिहिल्याप्रमाणे ०.३२ पाहा. घ्यायच्या आधी मला चार फोटो पाठव: नळीचं तोंड, स्लाईडची आतली बाजू, फ्रेमचे पुढचे कोपरे आणि प्रूफचे शिक्के. विकणाऱ्याच्या परवान्यावरचा क्रमांक आणि हत्यारावर कोरलेला क्रमांक आकडा न् आकडा ताडून पाहा. खोडून पुन्हा कोरल्याची जरा शंका आली तरी हात मागे घे.

अर्जासोबत सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागेल, त्याची चौकशी आत्ताच करून ठेव. आणि अर्जात क्षेत्राच्या रकान्यात काय लिहिणार आहेस, ते भरण्याआधी मला कळव.

तुझा,
मामा