इंग्रजी व्यंजनांचे उच्चारण व वर्गीकरण

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• इंग्रजी व्यंजनांच्या वर्गीकरणाचे तीन निकष स्पष्ट करता येतील.
• इंग्रजी व मराठी व्यंजनांमधील काही महत्त्वाचे भेद सांगता येतील.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे आहेत. परंतु ब्रिटिश प्रमाण उच्चारणात सामान्यतः ४४ स्वनिम, म्हणजे अर्थभेद करणारे ध्वनी, मानले जातात. त्यांपैकी २४ व्यंजने व २० स्वर आहेत. अक्षर व उच्चार यांचा मेळ बसत नसल्याने येथे आपण उच्चाराचाच विचार करणार आहोत. आपल्या वर्णमालेतील क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग ही मांडणी उच्चारस्थानानुसारच असल्याने ही पद्धत तुम्हाला परकी वाटणार नाही.

विषय-विवेचन
फुफ्फुसांतून बाहेर पडणाऱ्या हवेला मुखात किंवा कंठात अडथळा झाला, की व्यंजन निर्माण होते. प्रत्येक व्यंजनाबाबत तीन प्रश्न विचारावेत.

१. घोषत्व : स्वरतंतू कंप पावतात काय? कंठावर बोटे ठेवून ‘सिप’ व ‘झिप’ या शब्दांतील पहिले व्यंजन लांबवून उच्चारा. दुसऱ्या वेळी कंप जाणवेल. पहिले व्यंजन अघोष, दुसरे घोष.

२. उच्चारस्थान : अडथळा कोठे होतो? ‘पिन’मधील पहिले व्यंजन द्व्योष्ठ्य, ‘फॅन’मधील दंतोष्ठ्य, ‘थिंक’मधील दंत्य, ‘टिन’मधील दंतमूलीय, तर ‘किंग’मधील मृदुतालव्य आहे. मराठी ‘ट’ उच्चारताना जिभेचे टोक मागे वळते. इंग्रजीत ते वरच्या दातांमागील हिरडीला टेकते.

३. उच्चारप्रयत्न : अडथळा कसा होतो? हवा पूर्ण अडवून सोडल्यास स्फोटक, अरुंद फटीतून घासत गेल्यास घर्षक, नाकावाटे गेल्यास अनुनासिक व्यंजन होते. याशिवाय स्पर्शघर्षक, पार्श्विक व अर्धस्वर हे प्रकार आहेत. मराठी ‘थ’ स्फोटक आहे. ‘थिंक’मधील आरंभीचे व्यंजन घर्षक आहे.

आता मराठी ‘प’ व ‘पिन’मधील पहिले व्यंजन यांची तुलना करा. दोन्ही अघोष, द्व्योष्ठ्य व स्फोटक आहेत. तिन्ही उत्तरे सारखी असूनही उच्चार सारखा नाही. इंग्रजीत बलाघातयुक्त अवयवाच्या आरंभी येणारे अघोष स्फोटक व्यंजन महाप्राण असते. ओठांसमोर कागदाचा कपटा धरून इंग्रजी भाषक ‘पिन’ म्हणाला, तर कपटा हलतो. ‘स्पिन’ म्हणताना तो जवळजवळ स्थिर राहतो.

मराठीत ‘काल’ व ‘खाल’ यांचे अर्थ वेगळे, म्हणजे महाप्राणत्व अर्थभेदक आहे. इंग्रजीत ते अर्थभेदक नाही, म्हणून वर्गीकरणात त्याला स्थान नाही. तथापि शब्द ओळखण्यास ते साहाय्य करते. आपण अल्पप्राण ‘प’ वापरून ‘पिन’ म्हटल्यास इंग्रजी श्रोत्याला ‘बिन’ ऐकू येण्याची शक्यता असते. हा आपला दोष नव्हे. मातृभाषेच्या सवयीचा तो परिणाम आहे, आणि कारण समजले की सरावाने तो बदलता येतो.

सारांश
घोषत्व, उच्चारस्थान व उच्चारप्रयत्न या तीन निकषांनी इंग्रजी व्यंजनांचे वर्गीकरण होते. मात्र प्रत्यक्ष संभाषणात वर्गीकरणाबाहेरील महाप्राणत्वाकडेही लक्ष द्यावे लागते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. ‘बिन’ व ‘व्हॅन’ यांतील पहिल्या व्यंजनांचे तीन निकषांनुसार वर्णन करा.
२. ‘टिन’ व ‘स्टिक’ यांतील दंतमूलीय स्फोटकांमध्ये कोणता फरक आढळतो? कागदाचा प्रयोग करून उत्तर लिहा.