पावसाळी भाजीसाठी गादीवाफे

कोकणात वर्षाकाठी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. भाताला तो वरदान ठरतो, परसातील भाजीला मात्र मारक. त्यामुळे ऐन आषाढ-श्रावणात, चहूकडे हिरवेगार असताना, पुष्कळ घरांना भाजीसाठी बाजाराची वाट धरावी लागते. टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या हाताशी असतात. पण कोवळ्या असतात तोवरच त्या खाण्याजोग्या.

अतिपावसाने भाजी कुजते, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः मुळे गुदमरतात ती हवेवाचून. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही. पाने पिवळी पडतात. कोवळ्या रोपांच्या बुंध्याशी बुरशी शिरते व ती कोलमडतात. जांभ्याची तांबडी माती तशी पाण्याचा निचरा चांगला करणारी. परंतु घरालगतची जमीन वर्षानुवर्षे तुडवली जाऊन घट्ट झालेली असते, आणि वर पागोळ्यांचे पाणी तेथेच साचते.

यावर गादीवाफा हा सोपा उपाय आहे. मिरची-वांग्याच्या रोपांसाठी शेतकरी तो करतातच. पूर्ण पिकासाठी त्याचा उपयोग त्या मानाने कमी होतो.

वाफ्याची रुंदी १ मीटरहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचतो व वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. लांबी सोयीप्रमाणे, साधारण ३ मीटर. माती बाहेरून आणण्याचे कारण नाही. प्रथम वाफ्याची जागा वीतभर खोल खणून भुसभुशीत करावी. मग दोन्ही बाजूंना ४५ सेंटिमीटर रुंदीच्या वाटा १५ सेंटिमीटर खोल खणून ती माती वाफ्यावर टाकावी. ओळीने अनेक वाफे असल्यास प्रत्येकाला दोन्हीकडील निम्म्या वाटेची माती मिळते. तेवढ्यानेही वाफा सुमारे ७ सेंटिमीटर चढतो, म्हणजे वाटेच्या तळापासून त्याची उंची २२ सेंटिमीटर भरते. वाटेला किंचित उतार दिला की तीच चर होते. हे काम मृगाच्या पहिल्या सरींपूर्वी उरकावे. चिखलात खणलेली माती घट्ट बसते. चांगले कुजलेले शेणखत वाफ्यामागे १० ते १५ किलो पुरे. कडांना फुटके चिरे किंवा बांबू लावावेत. विटांचे पक्के बांधकाम हा हौसेचा भाग झाला, गरजेचा नव्हे.

बी फोकून टाकू नये. १० सेंटिमीटर अंतरावर आडव्या रेघा पाडून माठ, मुळा पेरावा. मुळ्याची पुढे विरळणी करावी. भेंडीला याहून बरेच मोकळे अंतर लागते. पडवळ, शिराळी, कारली वाफ्याच्या टोकांना लावून मांडवावर चढवावीत. पेरणीनंतर भाताचा पेंढा पातळ पसरल्यास सरींच्या माऱ्याने बी उघडे पडत नाही. कोंब दिसताच तो उचलावा, अन्यथा रोपे उंच, फिकट व अशक्त होतात.

गादीवाफा बारमाही मात्र नव्हे. पाऊस सरला की तो लवकर सुकतो आणि पाण्याची मागणी वाढते. विहिरीवर रहाट वा पंप असला तरी हे पाणी वाया घालवण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या सुमारास वाफे मोडून वाटा बुजवाव्यात व त्याच जागी सपाट वाफे बांधून मेथी, पालक घ्यावा.